स्पीकरची वायर, अ‍ॅम्प आणि बॉक्स : कमी बजेटमध्ये काय बघून घ्यायचं

नमस्कार मंडळी. दुकानात गर्दी असली की काउंटरवर उभ्या उभ्या सगळं नीट सांगणं होत नाही, आणि स्पीकरची वायर हा विषय असा आहे की घाईत उरकला तर माणूस एकतर नको तिथे पैसे घालतो नाहीतर हलकी वायर नेतो आणि महिन्याभरात परत येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढलंय. घरी निवांत वाचा, मग या.

आधी पैशांचं बोलू. समजा हॉलमध्ये गाणी ऐकायला सेट करायचाय आणि सगळे मिळून १०,००० रुपये आहेत. आमचं म्हणणं असं की त्यातले साडेपाच-सहा हजार स्पीकर बॉक्सवर घाला, तीन हजाराच्या आसपास आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पवर, आणि वायर, पिना, फोन जोडायची केबल हे सगळं उरलेल्यात बसवा. आवाज कसा येणार हे सगळ्यात जास्त स्पीकर ठरवतो आणि तुमची खोली ठरवते, वायरचं काम फक्त एवढंच की अ‍ॅम्पमधून निघालेला करंट वाटेत न सांडता स्पीकरपर्यंत पोचवायचा. हे काम साधी, पुरेशी जाड, शुद्ध तांब्याची वायर पूर्ण करते. त्यापुढे जास्त पैसे देऊन जास्त आवाज मिळत नाही, हे आम्ही वायर विकणारेच तुम्हाला सांगतोय.

वायर किती जाड घ्यायची

आपल्याकडे लोक फ्लेक्झिबल वायर अजून जुन्या हिशोबानेच मागतात, तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर, सत्तर-शहात्तर. यातला पहिला आकडा म्हणजे आत तारा किती, आणि ७६ म्हणजे प्रत्येक तार ०.००७६ इंच जाडीची, म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटर. हिशोब केला तर २३/७६ मध्ये जेमतेम ०.६७ चौरस मिमी तांबं येतं, ४०/७६ मध्ये १.१७ आणि ७०/७६ मध्ये २ च्या थोडं वर. नवीन पाकिटांवर हेच स्क्वेअर एमएममध्ये लिहिलेलं असतं, नाहीतर गेजमध्ये, आणि गेजचं लक्षात ठेवा की आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक, १६ गेज म्हणजे १.३ चौरस मिमी आणि १८ गेज म्हणजे फक्त ०.८२.

आता जाडी कशाला लागते ते. वायरला स्वतःचा रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा विरोध असतो, तो ओहममध्ये मोजतात, आणि करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणून ५ मीटर लांब जोडी वायर म्हणजे खरंतर १० मीटर तार. ४०/७६ ची ही १० मीटर तार साधारण ०.१५ ओहम भरते. सगळीकडे वापरला जाणारा ठोकताळा असा की वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत चालतं आणि ४ ओहमच्याला ०.२ पर्यंतच. या हिशोबाने ८ ओहमच्या बॉक्सला २३/७६ साडेसात मीटरपर्यंत पुरते, ४०/७६ तेरा मीटरपर्यंत. बॉक्स ४ ओहमचा असेल तर हे सगळे आकडे निम्मे करा. आपल्या नाशिकमधले सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडचे फ्लॅट घ्या, हॉल दहा बाय चौदा नाहीतर दहा बाय सोळाचा, भिंतीच्या कडेने फिरवूनसुद्धा एका स्पीकरला पाच-सहा मीटरच्या वर वायर लागत नाही, तिथे ४०/७६ डोळे झाकून घ्या. ७०/७६ कधी घ्यायची, तर गंगापूर रोडला बंगला आहे, अ‍ॅम्प खाली आणि स्पीकर वरच्या गच्चीशेजारच्या खोलीत, किंवा बॉक्स ४ ओहमचे आहेत आणि अंतर सात मीटरच्या पुढे आहे, तेव्हा.

एका बाजूचा स्पीकर जवळ आणि दुसरा लांब असेल तर दोन्हीकडे वायर सारखीच लांब कापायची गरज नाही. तीन मीटर आणि सहा मीटरमधला फरक कानाला कळत नाही, उगाच तीन मीटरचं वेटोळं दिवाणामागे पडून राहतं.

तांबं की तांब्याचा मुलामा

इथे मात्र डोळे उघडे ठेवा, कारण खरी फसवणूक इथेच होते. बाजारात अशी वायर भरपूर आहे जी आत अ‍ॅल्युमिनियमची असते आणि वरून फक्त तांब्याचा पातळ थर. दिसायला लालभडक आणि जाड, भाव कमी, माणूस खुश होतो. पण तेवढ्याच जाडीत तिचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो, ती वाकवून वाकवून लवकर तुटते, आणि डाग द्यायला (सोल्डर करायला) गेलं की वरचा थर कुठे खरवडला असेल तर डाग धरतच नाही. मागे आम्हालाच एका व्यापाऱ्याकडून असं बंडल आलं होतं, पाकिटावर स्पष्ट कॉपर लिहिलेलं. पोराने बंडल उचललं आणि म्हणाला हे हलकं का लागतंय. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली तर लाल साल निघाली आणि आत पांढरं. बंडल त्याच दिवशी परत पाठवलं आणि तेव्हापासून आलेला प्रत्येक माल खरवडूनच रॅकवर लावतो. तुम्हीपण आमच्यासमोर खरवडून बघा, आम्हाला अजिबात राग येत नाही.

एक बारकावा आहे, पारदर्शक जोडी वायरमध्ये बऱ्याचदा एक बाजू लाल आणि एक पांढरी दिसते. ती पांढरी लगेच अ‍ॅल्युमिनियम समजू नका, तांब्याला कथील चढवलेलं असतं म्हणजे प्लस-मायनस ओळखू येतं. खरवडल्यावर आत लाल दिसलं की तांबं. आणि घरच्या किचनच्या काट्यावर सुद्धा कळतं, ४०/७६ च्या १० मीटर जोडीत नुसतं तांबंच २०० ग्रॅमच्या वर असतं, वरचं प्लास्टिक वेगळं. सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे भरलं तर समजून घ्या.

ऑक्सिजन फ्री कॉपर लिहिलेली वायरही आमच्याकडे आहे. चांगली असते, पण साधं इलेक्ट्रिकलचं तांबंसुद्धा ९९.९ टक्के शुद्ध असतं, या दोघांच्या आवाजात फरक सांगून तुम्हाला दुप्पट पैसे घ्यायला आम्ही सांगणार नाही. वरचं प्लास्टिक मऊ असतं आणि दिसायला छान, त्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या.

टोकं नीट करा हो

पूर्ण माहितीपत्रकातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा. आमच्याकडे रिपेअरला येणारे कितीतरी अ‍ॅम्प आयसी (आतली चिप) खराब म्हणून येतात आणि कारण असतं मागे टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या जागी, सुटलेली केसासारखी एक तार, जी प्लसमधून निघून मायनसला टेकलेली असते. गेल्या पावसाळ्यात पंचवटीतून एक काका अ‍ॅम्प घेऊन आले, सेट जेमतेम दोन महिन्यांचा, वायर महागातली, आणि टोकं दातांनी सोललेली. अर्ध्या तारा टर्मिनलच्या आत, अर्ध्या बाहेर फुलासारख्या पसरलेल्या, त्यातली एक शेजारच्या टर्मिनलला चिकटून काळी पडलेली. एका तारेपायी चॅनल गेला.

तर सोलताना १०-१२ मिमीच सोला, आतल्या तारा कापल्या जाणार नाहीत असं बघा, घट्ट पीळ द्या आणि पूर्ण आत घाला, बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. दाबायच्या क्लिपचं टर्मिनल असेल तर टोकाला हलका डाग दिला तरी चालतं. स्क्रूचं असेल तर डाग देऊ नका, कथील मऊ असतं, स्क्रूखाली दबत जातं आणि काही महिन्यांनी जोड ढिला पडतो, तिथे पिन टाइप थिंबल (तारांच्या टोकावर दाबून बसवायची धातूची पिन) दाबून घ्या. अ‍ॅम्पला मागे गोल भोकाचे टर्मिनल असतील तर ४ मिमीचे बनाना प्लग लावा, साधे चालतात, सोन्याचा मुलामा असलाच पाहिजे असं नाही. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन दसरा-दिवाळीच्या साफसफाईत सेट बंद करून टोकं एकदा काढून बघा, काळी-हिरवी पडली असतील तर अर्धा इंच कापून नव्याने सोला. म्हणूनच वायर मोजून घेताना हातभर जास्त घ्या असं आम्ही सांगतो.

एकाच स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर काही जळत नाही पण एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि बेस गायबच होतो, लोक म्हणतात स्पीकरमध्ये दम नाही. बातम्या लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा, निवेदकाचा आवाज समोरून मधून आला पाहिजे. पसरट, डोक्याच्या आजूबाजूने येतोय असं वाटलं तर एकाच स्पीकरची वायर उलटी करा. सुट्ट्या वूफरवर (बेसच्या मोठ्या स्पीकरवर) खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे होता तो स्पीकरचा प्लस. ट्वीटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) हे करू नका.

अ‍ॅम्पचे वॉट

पीएमपीओ लिहिलेला फुगवलेला आकडा सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट विचारा. आणि एक साधं गणित आहे जे कोणाच्याही स्टिकरपेक्षा खरं बोलतं. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारं बोर्ड, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर, ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात ९ वॉटच्या पुढे देऊच शकत नाही, वर २०० लिहा नाहीतर ५०० लिहा. २४ व्होल्ट दिले तर तेच ३६ वॉटपर्यंत जातं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चाललेलं ४४४० आयसीचं बोर्ड दोन चॅनलला सहा-सहा वॉटचं आहे, लहान खोलीला छान वाजतं, पण त्याच्याकडून लग्नाच्या हॉलचं काम करून घेऊ नका. आजकाल ३११६ आयसीचे छोटे क्लास-डी अ‍ॅम्प येतात ते २४ व्होल्टच्या चांगल्या अडॅप्टरवर घरासाठी भरपूर होतात, फक्त अडॅप्टर ४-५ अँपिअरचा घ्या, तिथे काटकसर केली की जोरात वाजवताना आवाज फाटतो. आणि फाटलेल्या आवाजानेच ट्वीटर जळतात, अ‍ॅम्प लहान आहे म्हणून स्पीकर सुरक्षित असं नसतं.

स्पीकर घेताना वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते, डीबीमध्ये (डेसिबलमध्ये) लिहिलेली असते. ८६ चा आणि ८९ चा यात तीनचाच फरक दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी ८६ वाल्याला दुप्पट वॉट लागतात. मल्टिमीटर लावून ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो आणि ४ चा साधारण ३ ते साडेतीन, तो बिघडलेला नसतो, तसंच असतं. एका चॅनलला दोन ८ ओहमचे बॉक्स समांतर जोडले की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, तेव्हा अ‍ॅम्पच्या मागे किमान किती ओहम लिहिलंय ते आधी वाचा.

घरी जुने बॉक्स पडलेत? टाकू नका. वूफरची फोमची कड भुगा झाली असेल तर कड बदलून मिळते आणि मॅग्नेट-कॉइल चांगली असेल तर नव्या स्वस्त बॉक्सपेक्षा ते कधीही सरस. ट्वीटरचा कपॅसिटर मात्र नॉन-पोलरच (प्लस-मायनस नसलेला) लावा, ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड घातला तर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचंच ट्वीटरला पोचतं, ३.३ घातला तर ६,००० च्या वरचं, ट्वीटर छोटा असेल तर ३.३ च बरा.

भूंऽऽ असा आवाज येत असेल तर स्पीकर वायर बदलून उपयोग नाही, तो बहुतेक वेळा अर्थिंगचा नाहीतर फोन-टीव्हीकडून येणाऱ्या आरसीए केबलचा असतो. ती केबल जाळीची आणि आखूड घ्या, पैसे घालायचेच तर तिथे घाला. आणि स्पीकरची वायर लाइटच्या पाइपमधून ओढू नका, इलेक्ट्रिशियन सोपं पडतं म्हणून सांगतो पण चुकून लाइटचा करंट तिच्यात उतरला तर धोका आहे आणि घरात लहान मुलं असतात, वेगळी पट्टी मारून घ्या.

दुकानात येताना भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून जशी वायर जाणार तशी सुतळी लावून मोजून आणा, नुसतं नजरेने पाच मीटर म्हणू नका. अ‍ॅम्पच्या आणि बॉक्सच्या मागच्या टर्मिनलचा फोटो काढून आणा. तांब्याचा भाव सारखा बदलतो म्हणून दर इथे छापले नाहीत, त्या दिवशीचा सांगू. शक्यतो दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते आणि तुमची वायर तिथेच सोलून, थिंबल दाबून, प्लसला लाल टेप मारून देता येते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.