चौकातले पंचवीस फूट

न्यू जर्सीतल्या होबोकेन शहराच्या मुख्य रस्त्याचं नाव वॉशिंग्टन स्ट्रीट. हडसन नदीच्या अलीकडे होबोकेन, पलीकडे मॅनहॅटन. दोन्ही बाजूंना जुन्या विटांच्या इमारती, तळमजल्यावर दुकानं आणि खानावळी, कडेला ओळीने उभ्या गाड्या आणि माल उतरवायला थांबलेले ट्रक. नगरपालिकाही याच रस्त्यावर. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा रस्ता पाठ असेल. भाजी आणण्यापासून मॅनहॅटनची गाडी पकडण्यापर्यंत त्यांचं येणंजाणं इथूनच असतं.

२०१५ मध्ये हा रस्ता ओलांडताना ८९ वर्षांच्या एका आजींना व्हॅनची धडक बसली आणि त्यांचा जीव गेला. रवींदर भल्ला तेव्हा नगरसेवक होते. २०१८ मध्ये ते महापौर झाले आणि त्यानंतर रस्त्यावर एकही जीव जाऊ द्यायचा नाही, हे शहराने आपलं अधिकृत ध्येय ठरवलं. ही कल्पना मूळची स्वीडनची. तिथल्या संसदेने १९९७ मध्ये ती स्वीकारली. माणसं चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, अशी रस्त्याची रचना हवी, असा तिचा गाभा.

जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ होबोकेनमध्ये रस्त्यावरच्या अपघातात एकही माणूस दगावला नाही. पायी चालणारा नाही, सायकलस्वार नाही आणि गाडीत बसलेलाही नाही. त्याच काळात अमेरिकेत पादचाऱ्यांचे मृत्यू वाढत होते. एकट्या २०२२ मध्ये तिथे साडेसात हजारांहून अधिक पादचारी मेले, चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा आकडा. होबोकेनची वस्ती सुमारे साठ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एवढ्या लहान शहरात असे मृत्यू मुळातच मोजके असतात, त्यामुळे एखाद्या वर्षीचं शून्य निव्वळ नशिबाचंही असू शकतं. सलग सात वर्षांचं श्रेय मात्र नशिबाला देणं अवघड आहे.

तिथे केलं काय? मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट दिसायला अगदी किरकोळ आहे. त्यांनी चौकांचे कोपरे मोकळे केले.

न्यू जर्सीच्या कायद्यानुसार चौकातल्या झेब्रा क्रॉसिंगपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करायला मनाई आहे. नियम जुनाच. पण रंगवलेल्या रेषेला आणि पाटीला कोणी जुमानत नाही, हा अनुभव जगभर सारखाच. म्हणून होबोकेनने त्या पंचवीस फुटांत गाडी घुसूच शकणार नाही अशा वस्तू ठेवल्या. कुठे प्लॅस्टिकचे लवचीक खांब, कुठे सायकली लावायचे स्टँड, कुठे झाडांच्या कुंड्या. या पद्धतीला तिथे ‘डेलाइटिंग’ म्हणतात, कोपऱ्यावर उजेड पाडणं.

हा उजेड नेमका किती पडतो, याचं गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी करता येतं. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग उभी आहे आणि तिची रुंदी २ मीटर आहे असं समजा. रस्त्यावरून येणाऱ्या चालकाचे डोळे या रांगेच्या बाहेरच्या कडेपासून आणखी २ मीटर आत, रस्त्याच्या मध्याकडे आहेत. सात-आठ वर्षांचं एक मूल फुटपाथच्या कडेला, झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी उभं आहे. त्याची उंची जेमतेम सव्वा मीटर, त्यामुळे उभ्या गाडीच्या टपावरून ते दिसत नाही. चालकाची नजर शेवटच्या गाडीचा कोपरा ओलांडून मुलापर्यंत पोहोचली पाहिजे. चालकाचे डोळे आणि ते मूल, दोघंही रांगेच्या बाहेरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर, दोन दोन मीटरवर आहेत. म्हणून दोन्ही त्रिकोण सारखे होतात. शेवटची गाडी क्रॉसिंगपासून जितकी लांब, त्याच्या दुप्पट अंतरावरून मूल दिसतं.

आता गाडी क्रॉसिंगला खेटून, एक मीटरवर उभी असेल, तर मूल चालकाला दिसतं दोन मीटरवरून. म्हणजे गाडीचं नाक त्याच्यापाशी येऊन ठेपलेलं असताना. तीच गाडी २५ फूट, म्हणजे ७.६ मीटर मागे उभी असेल, तर ते १५.२ मीटरवरून दिसतं.

पण १५ मीटर पुरतात का? मूल दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात सावध चालकाचाही साधारण एक सेकंद जातो असं धरू. त्या सेकंदात गाडी पहिल्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगले टायर असतील तर, जोरात दाबलेल्या ब्रेकने दर सेकंदाला ताशी २५ किलोमीटर या हिशेबाने वेग उतरतो. ताशी ३२ किलोमीटरने येणारी गाडी पहिल्या सेकंदात ८.९ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५.७ मीटर. साधारण साडेचौदा मीटरवर ती थांबते. १५.२ मध्ये बसते, पण काठावर.

होबोकेनमध्ये वेगमर्यादा ताशी २५ मैल होती, म्हणजे ४० किलोमीटर. २०२२ मध्ये शहराने ती जवळजवळ सगळीकडे २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आणली. पाच मैलांनी काय मोठा फरक पडणार, असं कोणालाही वाटेल. हिशेब करून बघा. चाळीसच्या वेगाने येणारी गाडी विचाराच्या त्या एका सेकंदातच ११.१ मीटर खाऊन टाकते. बत्तीसची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या साडेचौदा मीटरच्या रेषेवर चाळीसची गाडी अजून ताशी ३१ किलोमीटरच्या वेगात असते. एक गाडी उभी आहे आणि दुसरी जवळजवळ पहिलीच्या मूळ वेगाने धडकते आहे. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. कारण असं की थांबवायची असते ती गाडीची ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. शिवाय ब्रेकच्या शेवटच्या काही मीटरांतच वेग झपाट्याने पडतो, सुरुवातीच्या मीटरांत फारसा उतरत नाही.

आणि धडकेचा वेग म्हणजे जगणं आणि मरणं यातलं अंतर. अमेरिकेतल्या ट्रिपल ए फाउंडेशनने २०११ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धडक ताशी २३ मैलांनी, म्हणजे ३७ किलोमीटरने बसली तर सरासरी दहात एक पादचारी मरतो. ३२ मैलांना, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटरला, चारात एक. ४२ मैलांना, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटरला, दोघांत एक. याच अभ्यासातली आणखी एक नोंद मनातून जात नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला २५ मैलांच्या धडकेत जेवढा धोका असतो, तेवढा तीस वर्षांच्या माणसाला असतो ३५ मैलांच्या धडकेत. वॉशिंग्टन स्ट्रीटवर गेलेल्या आजी ८९ वर्षांच्या होत्या. मुख्य रस्त्यावर बाजारहाटाला, दवाखान्यात, देवळात पायी जाणाऱ्यांत म्हातारी माणसंही असतात. तिथला वेग ठरवताना हिशेब त्यांच्या हाडांचा धरायला हवा.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर कोपरे मोकळे करून काम थांबलं नाही. बऱ्याच चौकांत फुटपाथच गाड्यांच्या रांगेच्या जागेत पुढे आणला. आता पादचारी उभ्या गाड्यांच्या आड न थांबता त्यांच्या रेषेत येऊन थांबतो, म्हणजे त्याला दिसतं आणि तोही दिसतो. शिवाय ओलांडायचं अंतर दोन्ही बाजूंनी दोन दोन मीटरने कमी होतं. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या आजोबांचे त्यात चार सेकंद वाचतात. हे चार सेकंद ते गाड्यांसमोर नसतात.

फुटपाथ पुढे आल्याने कोपऱ्याचं वळणही आवळलं जातं. गोलाकार वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून लागणारी ओढ वेगाच्या वर्गावर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. त्रिज्या चौपट केली की तेवढ्याच आरामात दुप्पट वेगाने वळता येतं. रुंद, गुळगुळीत गोल कोपरे हे वेगाला दिलेलं आमंत्रणच आहे. कोपरा आवळा, चालक आपसूक हळू वळतो. पोलीस उभा करावा लागत नाही आणि दंडाची पावतीही फाडावी लागत नाही. चौकातल्या पादचाऱ्याला सरळ जाणाऱ्या गाडीइतकीच भीती वळणाऱ्या गाडीची असते, कारण वळताना चालकाची नजर रस्त्यावरच्या फटीकडे असते, झेब्रा क्रॉसिंगकडे नसते. म्हणून अनेक सिग्नलवर चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या दिव्याच्या काही सेकंद आधी लागतो. माणसं मध्यापर्यंत पोहोचतात तेव्हा कुठे गाड्या सुटतात, आणि समोर चालणारा माणूस न दिसणं कठीण. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या हिशेबाने एवढ्याने चौकातले पादचाऱ्यांचे अपघात १३ टक्क्यांनी घटतात.

होबोकेनचा बराच भाग सखल आहे. २०१२ च्या सँडी वादळात तिथे घराघरांत पाणी शिरलं होतं. म्हणून पुढे आणलेल्या काही कोपऱ्यांत त्यांनी खोलगट वाफे केले आणि पावसाचं पाणी जिरवणारी झाडं लावली. ज्या जागेत चुकीची गाडी उभी राहायची, तीच जागा आता गटारावरचा भार हलका करते.

पार्किंग गेलं म्हणून कुरकुर झालीच. दुकानदारांना गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते आणि ती खोटी म्हणता येत नाही. होबोकेनने त्यासाठी सावकाश जाण्याचा मार्ग धरला. एखाद्या रस्त्याचं डांबर नव्याने करायची वेळ आली की त्याच खर्चात त्याचे कोपरेही मोकळे करायचे. वेगळी मोठी योजना नाही, वेगळी निविदा नाही.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते. आपण गाडी डावीकडून चालवतो, म्हणून वरचं चित्र आरशात धरल्यासारखं उलटं होतं, पण त्रिकोण तोच राहतो. फक्त कोपऱ्यावर उभ्या गाडीच्या जागी रिक्षांची रांग असते, उसाच्या रसाचा गाडा असतो, वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. यातला फ्लेक्स सर्वांत वाईट, कारण गाडीच्या काचेतून थोडं तरी आरपार दिसतं.

रिक्षा आणि हातगाडीवाल्यांना चौकातून हुसकावून लावावं असं मी म्हणत नाही. त्यांचं पोट चौकावरच आहे. रिक्षाथांबा आठ मीटर मागे सरकवला तर प्रवाशाला दहा-बारा पावलं जास्त पडतील. हातगाडीला तिथेच, पण आठ मीटरपलीकडे, पांढऱ्या रेषेत आखलेली कायमची जागा मिळाली तर रोजची उठवाउठवही संपेल. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात दगडी बाक टाकता येईल, चार कुंड्या ठेवता येतील. बाक मात्र बसक्या उंचीचा हवा आणि कुंड्यांतली झाडं गुडघ्याच्या वर वाढू देऊ नयेत. नाहीतर सव्वा मीटर उंचीचं मूल त्यांच्यामागे पुन्हा झाकलं जाईल.