मानेचं मॉडेल: मागची पिवळी साखळी कशी पाहावी

मॉडेल हाती आलं की बहुतेक जण आधी थायरॉइड आणि मोठ्या रक्तवाहिन्या सुट्या करून बघतात. मागची पिवळी साखळी तशीच राहते. ही सिंपथेटिक साखळी, म्हणजे ठोके, घाम, बाहुली अशा आपोआप चालणाऱ्या गोष्टी सांभाळणाऱ्या नर्व्हची माळ. हे पत्रक तिच्यापुरतंच आहे.

कॅरोटिड धमनी, जुग्युलर शीर आणि व्हेगस नर्व्ह यांचा एकत्र जुडगा बाहेर काढा. त्याच्या मागे, मणक्यांवरच्या स्नायूंना लागून, कवटीच्या तळापासून पहिल्या बरगडीपर्यंत साखळी दिसेल. व्हेगस या जुडग्याच्या आवरणाच्या आत असते, साखळी बाहेर. तोंडी परीक्षेत हमखास घोटाळा होतो तो इथेच.

तिच्यावर सहसा तीन गाठी, म्हणजे नर्व्हच्या पेशींचे पुंजके (गँगलिया) असतात. वरची सर्वांत मोठी, सुमारे 3 सेंमी लांब, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांच्या पातळीवर. मधली सहाव्याजवळ, ती इतकी लहान की काहींच्या मानेत सापडतच नाही. खालची बहुतेकांमध्ये छातीतल्या पहिल्या गाठीशी जुळलेली असते. या जोडगाठीला स्टेलेट गँगलिऑन म्हणतात, आम्ही तीच दाखवली आहे.

गंमत अशी, की साखळी मानेत असली तरी तिच्यातले तंतू निघतात छातीच्या पातळीवरच्या मज्जारज्जूतून. डोळ्याकडे जाणारे तंतू फुप्फुसाच्या टोकावरून वर चढतात, वरच्या गाठीत पुढच्या पेशीला संदेश देतात आणि तिचे तंतू आतल्या कॅरोटिडला वेढून कवटीत शिरतात. बाहुली मोठी करणं आणि वरची पापणी किंचित उचलून धरणं हे त्यांचं काम. चेहऱ्याच्या घामाचे बरेचसे तंतू मात्र बाहेरच्या कॅरोटिडसोबत जातात. तिन्ही गाठींतून हृदयाकडेही फांद्या जातात; त्यांच्यामुळे ठोके वाढतात.

ही वाट कुठेही तुटली तर त्याच बाजूची पापणी थोडी उतरते, बाहुली लहान राहते आणि कधी चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. स्विस नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी 1869मध्ये याचं वर्णन केलं. म्हणूनच फुप्फुसाच्या टोकावरच्या ट्यूमरची खूण कधीकधी डोळ्यात दिसते. बाहुल्यांमधला फरक मंद उजेडात जास्त कळतो. ही लक्षणं अचानक, मानदुखीसह आली तर कॅरोटिडच्या भिंतीला चीर गेलेली असू शकते. तेव्हा मॉडेल बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावं.

मणक्यांतून निघणाऱ्या नर्व्हना साखळीशी जोडणारे धागे आम्ही मुद्दाम जाड केले आहेत, प्रत्यक्षात ते फार बारीक असतात. पिवळा भाग ओल्या फडक्याने पुसा. स्पिरिटने रंग जातो.