ट्रॉलीची पिन आणि पिस्तुलाचा सायलेन्सर

सांगलीत ‘बुलेटचा सायलेन्सर’ म्हटलं की बंदूक कुणालाच आठवत नाही. डोळ्यांपुढे येते ती रात्री अकरा वाजता गल्लीतून फटाके फोडत जाणारी मोटारसायकल. गंमत म्हणजे या दोन्ही सायलेन्सरांचं नातं अगदी जवळचं आहे. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. मोटारीच्या धुराड्याचा आवाज दाबण्याच्या कामातही तो होताच. त्याचे वडील म्हणजे मॅक्सिम मशिनगनचे जनक. बापाने गोंगाट वाढवला, पोराने तो कमी करायला घेतला.

दोन्हीकडे अडचण एकच आहे. कोंडलेला गरम वायू एकदम मोकळा झाला की धडाका होतो. म्हणून त्याला आडपडदे लावलेल्या डब्यातून फिरवत, थंड करत, हळूहळू बाहेर सोडायचं. पण सिनेमात ऐकू येतो तसा ‘फुस्स’ आवाज मात्र विसरा. ९ एमएम पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलचा असतो, चांगला सायलेन्सर त्याला १३०च्या आसपास आणतो. कान वाचतो, पण शेजारी जागा व्हायचा राहत नाही. आपल्याकडे सामान्य नागरिकाला हे उपकरण बाळगता येत नाही, तेव्हा इथे त्यामागच्या विज्ञानापुरतंच बोलू.

आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. परवा चहा पिताना म्हणाले, “मास्तर, नळीच्या तोंडाला काय बी अडकवलं की पिस्तूल रुसतंय बघा.” त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामागचं कारण आवाजाशी नाही, वजनाशी निगडित आहे.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल गोळीच्याच धक्क्यावर पुढची गोळी भरतं. बहुतेक ९ एमएम पिस्तुलांत जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराची युक्ती असते. इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं आपलं १ए पिस्तूलही त्याच घराण्यातलं. बार होताना नळी आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे सरकतात, तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरलेला असतो. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, अडकण सुटते आणि स्लाइड एकटी मागे धावते. जाता जाता ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते आणि येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आता थोडा हिशोब करू. गोळी आठ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, २.८ एकक येतो. तेवढाच संवेग उलट्या दिशेने नळी-स्लाइडला मिळतो. या जोडीचं वजन अर्धा किलो धरलं, तर त्यांचा वेग सेकंदाला ५.६ मीटर. आता नळीच्या तोंडावर तीनशे ग्रॅमचा सायलेन्सर घट्ट बसवा. संवेग तोच राहतो, वजन मात्र ८०० ग्रॅम होतं आणि वेग ३.५ मीटरवर येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे स्लाइडच्या वाट्याची ऊर्जा जेमतेम चाळीस टक्के उरते. घर्षण, वायूचा धक्का वगैरे मी सोडून दिलंय, पण गोम कळायला एवढं पुरे. स्प्रिंग पूर्ण दबायच्या आतच स्लाइड दमते, पुंगळी दारातच उभी अडकते आणि पिस्तूल जाम होतं. त्यात नळी झुकायची तर तिचं तोंड वर उचललं जायला हवं, आणि नेमकं त्याच टोकाला हे ओझं लटकलेलं.

जड आणि मंद गोळी वापरली तर? गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली की हवेत कडकडाट होतो, तो टाळण्यासाठी तशी गोळी वापरतातच. साडेनऊ ग्रॅम गुणिले ३०० मीटर, म्हणजे संवेग पुन्हा जवळपास तेवढाच. स्लाइडच्या नशिबात फरक पडत नाही.

यावरचा उपाय मला गळीत हंगामात दर वर्षी रस्त्यावर दिसतो. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर उभा असतो. ड्रायव्हर क्लच सोडतो, ट्रॅक्टर चार बोटं पुढे सरकतो, मग खाडकन पहिली ट्रॉली, मग दुसरी. पिनेत थोडी ढील असल्यामुळे ट्रॅक्टरला सगळं ओझं एकदम ओढावं लागत नाही. पिस्तुलाच्या सायलेन्सरमध्ये हीच ढील मुद्दाम ठेवतात. नळी आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक पिस्टन आणि एक स्प्रिंग असते. बार होताच नळी मागे सरकते आणि सायलेन्सर आपल्या जडत्वामुळे जवळपास जागेवरच राहतो. डब्यात कोंडलेला वायू पिस्टनला मागे रेटून नळीला वर हातभारही लावतो. अडकण सुटून स्लाइड निघून गेली की स्प्रिंग दोघांना पुन्हा जवळ आणते. याला नील्सन डिव्हाइस किंवा नुसतं बूस्टर म्हणतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी हुशारी आवाजाच्या डब्यात नाही, या छोट्या स्प्रिंगेत आहे.

ज्या पिस्तुलांची नळी सांगाड्याला पक्की असते, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीके, त्यांना हे ओझं हलवावंच लागत नाही. बेरेटा ९२ची नळी मागे सरकते, पण न झुकता सरळ जाते, म्हणून तीही कमी कुरकुरते. पक्क्या नळीत तक्रार उलटी असते: अडवलेला वायू नळीतून मागे येतो, स्लाइड जरा जास्तच जोरात हाणली जाते, काजळी आत साचते, तेल सुकतं आणि धूर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आणि एवढं करून स्लाइडची स्वतःची खडखड उरतेच. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन नौदलाच्या कमांडोंनी वापरलेल्या एमके २२ पिस्तुलाला त्यासाठी एक खिट्टी होती. ती लावली की स्लाइड जागची हलतच नसे. प्रत्येक बारानंतर जवानाने ती हाताने ओढायची.

हे ऐकून सुभेदारांनी कप खाली ठेवला. “म्हंजे शेवटी हातानंच वढायचं की!”