हिवाळी ऑलिंपिकमधील खेळाडू-कोटा

हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोणत्या देशाला किती खेळाडू उतरवता येतील, हे ठरवणारी नियमव्यवस्था. मर्यादा तीन पातळ्यांवर असते : संपूर्ण स्पर्धेची, एकेका क्रीडाप्रकाराची आणि एकेका देशाची. मिलान-कोर्तिना (२०२६) येथील ११६ स्पर्धांसाठी सुमारे २,९०० जागा ठरवण्यात आल्या. त्यांतील ५३० जागा एकट्या आइस हॉकीच्या. पुरुषांचे १२ संघ प्रत्येकी २५ जणांचे, महिलांचे १० संघ प्रत्येकी २३ जणींचे. उरलेल्या जागांत बाकी सारे खेळ बसवावे लागतात. म्हणून नवा प्रकार आला की कुठल्यातरी जुन्या प्रकाराच्या जागा घटतात. नॉर्डिक कंबाइंड (स्की-जंप आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग यांचा जोडप्रकार) या प्रकारात २०२२ साली ५५ जागा होत्या, २०२६ साठी ३६ उरल्या. महिलांना तो अद्यापही खुला झालेला नाही.

आरंभीच्या स्पर्धांची आकडेवारी एकमेकींशी जुळत नाही. शामोनी (फ्रान्स) येथे १९२४ साली भरलेला मेळावा त्या वेळी ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ म्हणून ओळखला जाई. पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा दर्जा त्याला मागाहून मिळाला. काही जण या दर्जाचे श्रेय १९२५ च्या प्राग येथील परिषदेला देतात, तर काही १९२६ च्या लिस्बन अधिवेशनाला. प्रागमध्ये हिवाळी स्पर्धांचे स्वतंत्र चक्र मान्य झाले आणि शामोनीला पूर्वलक्षी मान्यता लिस्बनमध्ये मिळाली, अशी संगती लावणे अधिक सयुक्तिक वाटते. सहभागी देश १६ होते. खेळाडूंचा आकडा बहुतेक याद्यांत २६० च्या आसपास असला, तरी काही याद्यांत तो बराच जास्त आढळतो. शामोनीतील कर्लिंग (बर्फावर जड दगड सरकवण्याचा खेळ) हा प्रात्यक्षिक खेळ होता की पदकाचा, याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तो पदकाचा असल्याचे २००६ साली स्पष्ट केले. महिलांना त्या वर्षी फक्त फिगर स्केटिंग खुले होते.

पात्रतेचे कडक निकष सहसा १९८८ च्या कॅल्गरी स्पर्धेशी जोडले जातात. ब्रिटनचा स्की-जंपपटू मायकेल ‘एडी’ एडवर्ड्स तेथे शेवटचा आला आणि प्रचंड लोकप्रिय झाला. त्यानंतर पहिल्या ५० खेळाडूंत किंवा पहिल्या ३० टक्क्यांत स्थान मिळवण्याची अट आली व तिला त्याचेच नाव चिकटले. मात्र सारे एका माणसावर ढकलणे पटत नाही. कॅल्गरीत ५७ देशांचे १,४०० हून अधिक खेळाडू होते. वाढत्या संख्येचा यजमान शहरावर पडणारा भार हे कारण अधिक पायाभूत मानावे लागेल.

बहुतेक प्रकारांत जागा राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मालकीची असते, ती मिळवून देणाऱ्या खेळाडूची नव्हे. फिगर स्केटिंगमध्ये आधीच्या वर्षाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत देशाच्या पहिल्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी भरली, तर तीन जागा मिळतात. २०१३ साली ॲशली वॅगनर पाचवी व ग्रेसी गोल्ड सहावी आली. बेरीज ११, म्हणून अमेरिकेला तीन जागा. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आणि वॅगनर चौथी आली, तरी सोचीच्या (२०१४) हिवाळी ऑलिंपिकसाठी वॅगनरचीच निवड झाली. नियमाने हे चोख होते. नागासूला मात्र ते लागले असणारच.

आल्पाइन स्कीइंगमध्ये पात्रता स्की महासंघाच्या गुणांवर ठरते. येथे गुण जितके कमी तितका खेळाडू सरस. खेळाडूच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागून आलेल्या संख्येतून १ वजा करायचा आणि उरलेल्याला प्रकारानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे; स्लालमसाठी (खांबांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत) हा अंक ७३०. विजेत्याला १०० सेकंद आणि दुसऱ्याला ११० सेकंद लागले, तर दुसऱ्याचे गुण ७३ होतात. त्यांत त्या शर्यतीचा दंड, म्हणजे ठरावीक जादा गुण, मिळवतात. दंड स्पर्धकांच्या आधीच्या गुणांवरून काढला जातो. मातब्बर खेळाडू उतरले की तो घटतो. गैरप्रकाराला वाव मिळतो तो येथेच. थायलंडकडून सोचीत उतरलेली व्हायोलिनवादक व्हेनेसा-मे हिने भाग घेतलेल्या स्लोव्हेनियातील पात्रता शर्यतींत निकालांची फेरफार झाली, असे महासंघाने ठरवून तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. क्रीडा लवादाने २०१५ साली पुराव्याअभावी ती उठवली.

एका आल्पाइन शर्यतीत एका देशाला जास्तीत जास्त चार खेळाडू उतरवता येतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांचे पाचव्या क्रमांकाचे स्कीपटू त्यामुळे घरी राहतात, जरी ते मैदानातील निम्म्याहून अधिक खेळाडूंपेक्षा वेगवान असले तरी. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत गतविजेत्याला जादा जागा मिळते; ऑलिंपिकमध्ये अशी सवलत नाही. दुसऱ्या बाजूला, किमान गुणमर्यादा गाठणाऱ्या लहान देशांसाठी मूलभूत कोटा असतो. सर्वसमावेशकतेचे तत्त्व प्रत्यक्षात टिकून आहे ते प्रामुख्याने या तरतुदीमुळे, आणि ती आणखी आखडू नये.

भारताचा सहभाग १९६४ साली इन्सब्रुक येथे जेरेमी बुजाकोव्स्की यांच्यापासून सुरू होतो. १९८८ साली शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमधील पहिल्या भारतीय महिला ठरल्या. ल्यूज (बर्फावरील घसरगाडीची शर्यत) खेळाडू शिवा केशवन यांनी १९९८ ते २०१८ या काळात सहा स्पर्धांत भाग घेतला. सोचीत (२०१४) भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने ते व त्यांचे दोन सहकारी ऑलिंपिक ध्वजाखाली संचलनात उतरले. ११ फेब्रुवारीला, स्पर्धा चालू असतानाच, निलंबन उठले. काश्मीरचे आरिफ खान हे बीजिंग (२०२२) येथील एकमेव भारतीय खेळाडू. स्लालम व जायंट स्लालम अशा दोन्ही प्रकारांत ते पात्र ठरले होते. जायंट स्लालममध्ये ते ४५ वे आले, स्लालमची शर्यत त्यांना पूर्ण करता आली नाही.

निमंत्रणाने जागा देण्याचे प्रसंग विरळ आहेत. प्याँगचांग (२०१८) येथे उत्तर कोरियाच्या २२ खेळाडूंना विशेष प्रवेश मिळाला. त्यांतील १२ जणी संयुक्त कोरियाच्या आइस हॉकी संघात होत्या, आणि त्या एका संघापुरती २३ ची मर्यादा ३५ करण्यात आली.