सॉफ्टवेअर काढल्यावर मागे राहणारी सिस्टिम खाती : ग्राहकांसाठी माहिती

लिनक्स सर्व्हरवरून एखादे सॉफ्टवेअर काढून टाकले, तरी त्याच्या नावाचे खाते वापरकर्त्यांच्या यादीत तसेच दिसते, आणि ते पाहून सर्व्हरमध्ये कोणी शिरले तर नाही ना, अशी शंका काही ग्राहक आमच्याकडे व्यक्त करतात. हे खाते बहुधा त्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजनेच (सॉफ्टवेअर बसवण्याच्या तयार संचानेच) बसवतेवेळी तयार केलेले असते, कारण सेवा रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याच्या, सर्वाधिकारांवर चालण्याऐवजी मोजक्या अधिकारांवर चालणे सुरक्षित असते. अशा खात्यात सहसा पासवर्डने शिरता येत नाही आणि शेलच्या (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी लॉगिन नाकारणारे ‘नोलॉगिन’ असते.

खाते मागे ठेवण्याचे खरे कारण फाइलींच्या मालकीत आहे. लिनक्स फाइलचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदवते. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सिस्टिम खात्याला सर्वसाधारणपणे 100 ते 999 मधला पहिला मोकळा क्रमांक मिळतो. समजा, डेटाबेसच्या खात्याचा क्रमांक 112 होता. खाते पुसले, पण त्याच्या काही फाइली बॅकअपच्या डिस्कवर राहून गेल्या. पुढे बसवलेल्या एखाद्या देखरेखीच्या प्रोग्रामला तोच 112 मिळाला, तर त्या फाइली, आतील सर्व नोंदींसह, कोणतीही सूचना न येता त्याच्या मालकीच्या होतात. काढून ठेवलेली डिस्क पॅकेज व्यवस्थेला दिसतच नाही. म्हणूनच फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या पॅकेजिंग नियमांनुसार पॅकेजने तयार केलेली खाती काढली जात नाहीत. डेबियनमध्ये मात्र पॅकेजागणिक रीत वेगळी आढळते.

यादी नीटनेटकी दिसावी एवढ्यासाठी खाते पुसणे आम्हाला योग्य वाटत नाही. आम्ही ते कुलूपबंद करून ठेवतो. तरीही ते काढायचेच असेल, तर बॅकअपसह सर्व डिस्क जोडून, ‘फाइंड’ आज्ञेने त्या क्रमांकाच्या फाइली शोधून, त्यांचा निकाल लावल्यानंतरच खाते पुसणारी ‘यूजरडेल’ आज्ञा चालवतो. डेबियन व उबुंटूवरील ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या 33 क्रमांकाच्या खात्याला मात्र हात लावू नये, कारण ते अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरने केलेले नसून मूळ प्रणालीचेच आहे.

खाते आधीच पुसले गेले असल्यास फाइलींच्या यादीत मालकाच्या नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो. तसे आढळल्यास नवे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी कृपया आम्हाला कळवावे.