डाळिंबाची ‘इम्युनिटी’ नेमकी जागी होते कशी?

सांगोल्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात शिरा, फळीवर ‘झाडाची इम्युनिटी वाढवा’ असं छापलेल्या बाटल्या दिसतीलच. करोनाच्या काळात काढ्यांवर चिकटलेला हा शब्द आता डाळिंबापर्यंत पोचलाय. बहुतेक बाटल्यांत काय असतं ते देव जाणे, पण एक रसायन मात्र अभ्यासातून उतरलेलं आहे : सॅलिसिलिक आम्ल. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या, तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाविषयीच्या सल्ल्यांतही त्याची फवारणी असते.

तेल्याचा जिवाणू, झँथोमोनास, पानांच्या रंध्रांतून आणि जखमांतून आत घुसतो. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं पानाच्या पृष्ठभागावर पहारा देतं; आत शिरलेल्याचा बंदोबस्त झाडालाच करावा लागतो. आणि झाडाकडे ना प्रतिपिंडं, ना रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी.

१९६१ मध्ये वनस्पतिरोगांचे अभ्यासक फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणू चोळला. काही दिवसांनी वरच्या, तोवर निरोगी असलेल्या पानांना तोच विषाणू चोळला, तर डाग कमी आणि बारीक पडले. म्हणजे एका पानाचा अनुभव दुसऱ्याला कळला होता. १९७९ मध्ये व्हाइट या संशोधकांनी तंबाखूला चक्क ॲस्पिरिन दिलं आणि विषाणूचा प्रतिकार वाढलेला दिसला. ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचंच भावंड.

आतली यंत्रणा मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यामध्ये उलगडली, आणि ती मला फार आवडते. पेशीत एनपीआर-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी त्याचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांत अडकून पेशीद्रवात पडून राहतात, केंद्रकात शिरू शकत नाहीत. संसर्ग झाला की सॅलिसिलिक आम्ल वाढतं, पेशीतलं ऑक्सिडीकरण-क्षपणाचं संतुलन बदलतं आणि थायोरेडॉक्सिन नावाचं दुसरं प्रथिन ते बंध तोडतं. सुटे झालेले रेणू केंद्रकात जातात, जनुकांची कळ दाबणाऱ्या टीजीए नावाच्या प्रथिनांना जाऊन भिडतात आणि संरक्षक प्रथिनांची जनुकं सुरू होतात. त्यांतली काही प्रथिनं बुरशीची भित्तिका कापतात. तंबाखूत तर या आम्लाचं मिथाइल रूप हवेतून शेजारच्या झाडापर्यंत पोचतं. दुखऱ्या कंबरेला चोळायच्या बामला जो वास येतो, तो याच रसायनाचा.

मग रोजच फवारलं तर? नको. ज्या अरॅबिडॉप्सिसमध्ये ही यंत्रणा जनुकीय बदलामुळे कायम चालू राहते, ती रोपं खुरटतात. संरक्षणावर खर्च झालेली साखर वाढीला मिळत नाही. जास्त मात्रेनं पानंही करपतात. कुंडीत ॲस्पिरिनच्या गोळ्या टाकायला सांगणारे व्हॉट्सॲपवरचे वैद्य हे सांगत नाहीत.

शिवाय ही तयारी रोगाआधीची. पावसाळी हवा सुरू होण्यापूर्वी, संशोधन केंद्राने सांगितलेल्या मात्रेतच फवारणी घ्यायची. पडलेले डाग त्यानं पुसले जात नाहीत. रोगट फांद्या छाटून जाळणं आणि कात्री निर्जंतुक करणं काही सुटत नाही.