कौटुंबिक हिंसा : नुकसानभरपाईचा दावा

कुटुंबातील व्यक्तीने केलेली मारहाण, छळ वा धाकदपटशा यांबद्दल तिच्याकडूनच पैशाच्या रूपात भरपाई मागण्याचा हक्क. फौजदारी शिक्षा व पोटगी यांहून तो वेगळा आहे. परक्याने केलेली मारहाण हे अपकृत्य (भरपाईस पात्र दिवाणी अन्याय) असून त्याबद्दल दावा लावता येतो. पतीने केलेल्या मारहाणीबद्दल मात्र इंग्लिश कॉमन लॉने (न्यायालयीन निकालांतून घडलेल्या कायद्याने) पत्नीला हा मार्ग दीर्घकाळ नाकारला.

या नकाराच्या मुळाविषयी मतभेद आहेत. विवाहाने पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होतात, हे रूढ स्पष्टीकरण इंग्लिश कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनच्या भाष्यात (1765–69) आढळते. अडचण केवळ कार्यपद्धतीची होती, असे दुसरे मत : पत्नीच्या दाव्यात पतीला सहवादी व्हावे लागे, त्यामुळे तोच वादी आणि तोच प्रतिवादी झाला असता. हे मत ग्राह्य धरले, तर घटस्फोटानंतर दावा चालायला हवा. परंतु फिलिप्स वि. बार्नेट (1876) या खटल्यात घटस्फोटितेने विवाहकाळातील मारहाणीबद्दल लावलेला दावा फेटाळला गेला, न्या. ब्लॅकबर्न यांनी एकत्वाचेच कारण दिले. तरीही, विवाहितेची स्वतंत्र मालमत्ता व दाव्याचा हक्क कायद्याने मान्य केल्यानंतरही बंदी टिकली, हे एकत्वाच्या सिद्धांताने पुरेसे उलगडत नाही. घरातील कलह न्यायालयात येऊ न देण्याचे धोरण त्यामागे असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. थॉम्पसन वि. थॉम्पसन (1910) मध्ये मारहाणीबद्दल 70,000 डॉलर मागणाऱ्या पत्नीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी तक्रार व घटस्फोट हे पर्याय दाखवले. न्या. हार्लन यांनी भिन्नमत दिले; होम्स व ह्यूज त्यांच्याशी सहमत होते. विवाहितेला दाव्याचा हक्क देणाऱ्या कायद्याचा सरळ अर्थ त्यांच्याच बाजूने होता. इंग्लंडमध्ये ही बंदी 1962 च्या कायद्याने उठली. आईबापांविरुद्ध अल्पवयीन अपत्याच्या दाव्यावरील बंदी अमेरिकेत मिसिसिपीच्या 1891 च्या एका निकालापासून रूढ झाली. त्या निकालाला पूर्वाधार जवळजवळ नव्हताच.

भारतातील हिंदू व मुस्लिम व्यक्तिगत कायद्यांत विवाहाने पत्नीचे कायदेशीर व्यक्तित्व लोपत नाही. येथे प्रमुख आधार आहे तो 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005' (अंमल 26 ऑक्टोबर 2006). कलम 20 खाली उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, मालमत्तेचे नुकसान व पोटगी मिळते. कलम 22 मानसिक यातना व भावनिक क्लेश यांसह झालेल्या इजांची भरपाई देते. ही दोन कलमे वेगळी ठेवणे अगत्याचे आहे. पोटगी निर्वाहासाठी असते, भरपाई झालेल्या अन्यायासाठी. पोटगी मिळाली म्हणून भरपाईची मागणी संपत नाही. अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करतात, पण कलम 12(2) प्रमाणे स्वतंत्र दिवाणी दाव्याचा हक्क अबाधित राहतो. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा होते. कलम 26 मुळे चालू दिवाणी वा कौटुंबिक न्यायालयातही ही मागणी जोडता येते.

हिरल हरसोरा (2016) निकालाने प्रतिवादीच्या व्याख्येतील 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द झाले. त्यामुळे कुटुंबातील स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते. कामाची वि. लक्ष्मी नारायणन (2022) नुसार कलम 12 खालील अर्जाला तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 ची मुदत लागू नव्हती. या अधिनियमाखाली पीडित व्यक्ती स्त्रीच असते. इतरांना सामान्य अपकृत्य कायदाच उपलब्ध आहे. भरपाईची रक्कम ठरवण्याचे कोष्टक अधिनियमात नाही.